रिकाम्या घरांची गोष्ट

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. टाळण्यासाठी विशेष काही करावं लागलं नाही. कुणी विचारत नव्हतं, आणि जे विचारत ते भलतंच विचारत. "काका, तुमचं ते टेक्ससवरचं भाषण काय रंगलं होतं हो!" असं इथल्या मराठी मंडळातलं कुणीतरी म्हणे. मी हसे आणि विषय विमानाच्या तिकिटांकडे वळवी.

गेल्या महिन्यात मात्र मंडळाची दोन मुलं दोह्याजवळ उम्म सलालला आमच्या घरी आली. दोघंही आयटीतली, दोन-तीन वर्षांच्या कंत्राटावर आलेली. मंडळाची स्मरणिका निघते आहे, त्यात ते भाषण लेखाच्या रूपात द्या, असं म्हणाली. एकाने ते मोबाईलवर पाहिलं होतं. "शेवटी तुम्ही बोट रोखून उभे राहता ना काका, अंगावर काटा येतो." माझी बायको तेवढ्यात चहा घेऊन आली होती. तिने ट्रे ठेवला, आत गेली, आणि मुलं जाईपर्यंत बाहेर आली नाही.

मी हो म्हटलं. हे लिहितोय ते त्या भाषणाच्या जागी आहे. छापायचं की नाही ते मंडळाने ठरवावं.

मी मूळचा नाशिकचा. आयुष्यभर कतारमधल्या गॅसच्या प्लांटवर मेंटेनन्सचं प्लॅनिंग केलं, आणि निवृत्त झाल्यावर मुलाच्या व्हिसावर इथेच राहिलो. आमच्या पिढीतल्या पुष्कळ इंजिनिअरांना एक खोड असते, ती मलाही होती. आठवडाभर पंप आणि व्हॉल्व्ह, आणि सुटीच्या दिवशी इतिहास. किल्ले, स्वाऱ्या, कुठली खिंड कुणी किती वेळ लढवली, कोण कुणाला फितूर झाला. दोह्यात मंडळाचा कार्यक्रम असला की एक व्याख्यान माझं ठरलेलंच असे. मला आवाज आहे. कुठे थांबायचं ते कळतं. लोकांना मी आवडायचो, आणि लोकांना आवडणं मला फार आवडायचं. पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या प्लांटवर टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचा एक माणूस होता. पाइप आतून किती गंजलेत, किती दिवस टिकतील, हे तपासणं त्याचं काम. पासपोर्ट अमेरिकेचा, घरी बोलायचं स्पॅनिश, आणि नाकाडोळ्यांनी थेट आपल्याकडचा. एकदा इंडस्ट्रियल एरियात त्याची गाडी दुरुस्तीला टाकायला आम्ही दोघं गेलो, तर गॅरेजवाला मला सोडून त्याच्याशीच हिंदीत बोलायला लागला. "भाईसाब, क्लच प्लेट पूरा गया है, यह आपके दोस्त को समझा दो." हा आपला मान डोलावतोय. बाहेर आल्यावर मला विचारतो, "मी आत्ता कशाला हो म्हटलं?"

तो मला 'कोम्पाद्रे' म्हणायचा. म्हणजे काय, तर पोराच्या बारशाला जो धर्मपिता म्हणून उभा राहतो, तो आणि पोराचा बाप, हे एकमेकांचे कोम्पाद्रे. बायकोला मी हे समजावलं, तर म्हणाली, "म्हणजे व्याहीच की. मानपान नसलेले." आमच्यात बारसं झालं नव्हतं, पण नातं तसंच होतं. आमची घरं एकाच कंपाउंडात. थंडी सुरू झाली की दर शुक्रवारी आम्ही चौघं समैस्माला किनाऱ्यावर जायचो. घडीच्या खुर्च्या, थर्मास, आणि त्याच्या बायकोने केलेल्या मक्याच्या पातळ रोट्या. ती कंपाउंडातल्या मुलांना चित्रकला शिकवायची. मुलं तिच्यावर जीव टाकायची.

गोष्ट निघाली ती त्या रोट्यांवरूनच. माझ्या बायकोने विचारलं, "हे मक्याचं पीठ तुम्ही पूर्वी कशावर वाटायचात? जातं असतं का तुमच्यात?" तो म्हणाला, जातं नाही, दगडाचा पाटा असतो, तीन पायांचा. त्यांच्या घरी एक आहे, फार जुना. पण त्यावर कुणी वाटत नाही. त्याच्या आईने वाटलं नाही, तिच्या सासूनेही नाही. तो अंगणात नुसता ठेवलेला असतो.

"का?" बायकोने विचारलं.

मग त्याने सांगितलं. मी इथे ते जमेल तेवढं त्याच्याच पद्धतीने सांगतो. तेव्हा सांगितलं नाही, निदान आता सांगतो.

दोनशे वर्षांपूर्वी मेक्सिको स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता, आणि टेक्सस म्हणजे त्या राज्याची पार उत्तरेची कड. राजधानीपासून त्याचं गाव, सॅन अँटोनियो, इतकं लांब की तिथला हुकूम इथे पोचेपर्यंत तो देणारा बदललेला असायचा. गावात चर्च, एक लष्करी ठाणं, आणि ठाण्यात पगाराची वाट बघणारे घोडेस्वार. एका बाजूने कोमांची या तिथल्या आदिवासी टोळ्यांच्या धाडी पडायच्या. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतलं लुइझियाना, तिथून व्यापारी चोरून माल आणायचे. राजा कुणी पाहिलेला नव्हता. १८१० साली तिकडे मध्य मेक्सिकोत राजाविरुद्ध उठाव झाला आणि त्याचं लोण या कडेपर्यंत आलं. आधी बंडवाल्यांनी गावातल्या सुभेदाराला कैद केलं. काही आठवड्यांतच राजाच्या बाजूच्या लोकांनी ठाणं परत घेतलं. मग १८१३ साली लुइझियानाकडून बंडवाल्यांची फौज आली, तिच्यात अमेरिकन लोकही होते. तिने गाव घेतलं, आणि सुभेदार व त्याच्या अधिकाऱ्यांना गावाबाहेर नेऊन फार वाईट रीतीने मारलं. त्याच उन्हाळ्यात राजाची मोठी फौज दक्षिणेकडून आली आणि मेदिना नदीच्या बाजूला तिने बंडवाल्यांचा धुव्वा उडवला. मेलेल्यांची हाडं पुढे कित्येक वर्षं तिथेच उघड्यावर पडून होती.

"गाव तेच," तो म्हणाला. "रस्ते तेच, माणसं तीच. फक्त थोड्या थोड्या दिवसांनी चौकात जाऊन नव्या माणसासमोर हात वर करायचा आणि शपथ घ्यायची."

त्याचा एक पूर्वज, खापरपणजोबाच्याही मागचा, त्या ठाण्यात घोडेस्वार होता. त्याने आधी राजाची शपथ घेतली होती. मग बंडवाल्यांची घेतली आणि त्यांच्या बाजूने लढला. लढाईतून जगला आणि ओढ्याकाठच्या काटेरी झाडीत लपून राहिला. इकडे राजाच्या फौजेने बंडवाल्यांच्या बायका, बहिणी, आया पकडून एका घरात कोंडल्या होत्या. पहाटेपासून त्यांना मका वाटायला बसवत, फौजेच्या रोट्यांसाठी. हात सोलवटले तरी उठू देत नसत. हा भाग इतिहासात नोंदलेला आहे, मी नंतर वाचला. त्या बायकांत त्या घोडेस्वाराची बायको होती.

तो झाडीतून बाहेर आला, चालत गावात गेला आणि अधिकाऱ्यासमोर गुडघ्यावर बसला. माझं चुकलं, म्हणाला. राजा माझा मायबाप. अधिकारी म्हणाला, ठीक आहे, मग तुझ्याबरोबर कोण कोण होते त्यांची घरं दाखव.

"आणि त्याने दाखवली," माझा मित्र म्हणाला. "गल्लीगल्लीतून फिरला. एकेका दारासमोर थांबायचा, बोट करायचा. शिपाई दार फोडायचे. आत कुणी नसायचं. त्याने सगळी रिकामीच घरं दाखवली होती. ज्यांची माणसं आधीच लुइझियानाकडे पळून गेली होती ती."

"पण त्याला काय माहीत कुठली रिकामी आहेत?" माझी बायको असले प्रश्न बरोबर विचारते.

"तो झाडीत बसून गावाकडे बघत होता ना. सकाळी कुणाच्या घरातून धूर निघतो आणि कुणाच्या नाही."

बायकोने हातातली रोटी खाली ठेवली. मग म्हणाली, "सुटली का ती?"

सुटली. बाकीच्यांच्या मानाने लवकर सुटली. पण गोष्ट तिथे संपली नाही. पळालेल्यांतल्या काहींना काही वर्षांनी माफी मिळाली, ती गावात परतली, तर त्यांची घरंजमिनी जप्त होऊन दुसऱ्यांना दिलेल्या. घर कुणी दाखवलं, हे शेजारच्यांनी सांगितलंच. घर रिकामं होतं म्हणून दाखवलं, हे कोण ऐकून घेणार? तेव्हापासून त्या घराण्याला गावात 'बोटवाले' म्हणतात. पुढे मेक्सिको स्वतंत्र झाला, तेव्हा त्या माणसाने चौकात जाऊन आणखी एक शपथ घेतली, आणि मागून कुणीतरी हसलं म्हणे. माझा मित्र शाळेत होता तेव्हासुद्धा मोठी मुलं त्याला बघून बोट रोखून उभी राहायची. काही बोलायची नाहीत, नुसतं बोट. त्यांच्याही बापजाद्यांनी त्यांना तेच शिकवलेलं.

"पुरावा आहे का?" मी विचारलं. इतिहासाची आवड असलेल्या मराठी माणसाचा हा पहिला प्रश्न.

"रिकाम्या घराचा पुरावा कसा असेल, कोम्पाद्रे?" तो म्हणाला. "आमच्या घरात सांगतात. मला एवढंच माहीत आहे."

ती गोष्ट मग आमच्यात रुळली. ऑफिसात एक पद्धत असते, नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. काही बिघडलं, वरून विचारणा झाली, की दोष कुणाच्या नावावर टाकायचा? जो नोकरी सोडून मायदेशी परत गेलाय त्याच्या. एकदा दुरुस्तीसाठी प्लांट बंद होता, तेव्हा पाइपच्या सांध्यात चुकीचं गॅस्केट बसलं आणि मीटिंगमध्ये साहेबाने टेबलावर हात आपटून विचारलं, हे कोणी पास केलं? मी क्षणभर विचार केला आणि दोन महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून मनिलाला गेलेल्या एकाचं नाव घेतलं. साहेब म्हणाला, खलास, पुढचा मुद्दा. बाहेर आल्यावर माझा मित्र कॉफीच्या मशीनपाशी उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "रिकामं घर." आम्ही दोघं हसलो. पुढे ती आमची खूणच झाली. म्हणजे मला ती गोष्ट कळली नव्हती असं म्हणायला जागा नाही. कळली होती. मी स्वतः ते केलेलं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या कार्यक्रमात मंडळाला व्याख्यान हवं होतं. अध्यक्ष म्हणाले, "या वेळी काहीतरी नवीन काढा बुवा. तेच तेच किल्ले पोरांनाही पाठ झालेत." मी ही गोष्ट सुचवली. मंडळ खूष. मी मित्राला विचारलं. त्याने आधी हातातलं काम संपवलं. मग म्हणाला, "आमच्या गावाबाहेर ही गोष्ट कुणी कधी सांगितलेली नाही. गावात जी सांगतात ती तुला माहीत आहे. सांग तू. फक्त ती घरं रिकामी होती, एवढं सोडू नकोस."

"अरे, तोच तर मुद्दा आहे," मी म्हणालो.

त्याला आणि त्याच्या बायकोला मंडळाने पाहुणे म्हणून बोलावलं. माझ्या बायकोने तिला निळी पैठणी नेसवली. हॉल एका शाळेचा होता. मागे बटाटेवड्यांचा घाणा चालू, पोरं रांगांमधून पळतायत, आधीच्या वक्त्याने बराच वेळ खाल्लेला. माझा मित्र पहिल्या रांगेत कोट घालून बसला होता. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तो इतक्या लक्षपूर्वक ऐकत होता की जणू परीक्षा आहे.

मी सुरुवात नकाशापासून केली. स्पेन कुठे, मेक्सिको कुठे, ही कड कुठे. लोक मोबाईल काढायला लागले. मागून कुणीतरी हळूच "यल्ला, यल्ला", म्हणजे आटपा आता, म्हणालं आणि त्याच्या आजूबाजूचे हसले. ते हसू माझ्या कानात शिरलं. मी घाईघाईने लढाईवर आलो, लढाईवरून त्या घोडेस्वारावर आलो, तो गुडघ्यावर बसला इथवर आलो, आणि माझ्या तोंडून शब्द आला, फितूर.

हॉल एकदम शांत झाला. मोबाईल खाली गेले. पळणारं एक पोर जागच्या जागी थांबलं. त्या शांततेचं वर्णन मला नीट करता येणार नाही, पण स्टेजवर उभं राहून बोलणाऱ्याला ती ओळखता येते. समोरच्या माणसांना आता काय हवंय ते मला माहीत होतं. तीस वर्षं मी त्यांना दोनच प्रकारची माणसं दाखवली होती. एक जागेवर मरणारी, आणि दुसरी फितूर होणारी. तिसरा प्रकार त्यांना कधी भेटलाच नव्हता, आणि भेटवून द्यायला वेळ लागला असता. मी पुढे गेलो. मी अधिकाऱ्याच्या तोंडी वाक्यं घातली. घोडेस्वाराच्या तोंडी घातली. पुरावा विचारणारा मीच, आणि ती सगळी वाक्यं माझ्या मनची. "हे दार! हे दार! आणि हेही!" असं म्हणत मी स्टेजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. शेवटी मधोमध थांबलो, हात सरळ केला आणि बोट समोर रोखून उभा राहिलो. बोलायचं थांबलो. नुसतं बोट.

टाळ्या किती वेळ चालल्या मला आठवत नाही. खूप चालल्या. माझं बोट कुणाच्या दिशेने होतं ते मला हात खाली घेताना दिसलं. तो पहिल्या रांगेत मधोमधच बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा जरा उशिरा.

नंतर त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. जेवताना त्याने विचारलं, "आवडलं का लोकांना?"

"फार," मी म्हणालो.

"छान," तो म्हणाला आणि नारळ कसा फोडायचा ते विचारायला लागला.

परत येताना त्या दोघांना सोडून आम्ही गाडी लावायला वळलो. मी म्हणालो, "अगं, अध्यक्ष म्हणत होते, इतकं रंगलेलं भाषण कित्येक वर्षांत झालं नाही."

ती म्हणाली, "अहो, ती घरं रिकामी होती ना?"

"वेळ कमी होता."

"तीन शब्द बोलायला?"

"आणि तसा पुरावा काही नाही त्याला. घरातल्या सांगोवांगीवर इतिहास नाही उभा राहत."

"मग 'हे दार, हे दार' कुठल्या पुराव्यावर उभं होतं?" ती म्हणाली आणि दार आपटून उतरली. तिचे वडील शाळामास्तर होते. ती माझ्यावर ओरडत नाही, पण चुकीचं उत्तर खोडल्याशिवाय तिला राहवत नाही.

मला वाटलं होतं, त्याला कधी कळणार नाही. भाषा मराठी, हॉल आमचा, माणसं आमची. इथल्या आपल्या मुलांचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. ती इंग्रजी शाळेत जातात, आपण मराठीत बोललो की इंग्रजीत उत्तर देतात, आणि आपण धरून चालतो की त्यांना काही समजत नाही. त्यांना सगळं समजतं.

पुढच्याच आठवड्यात चित्रकलेच्या वर्गात एका मुलीने चित्र काढलं. एक माणूस, खूप दारं, आणि माणसाचा एक हात बाकीच्या अंगापेक्षा मोठा. माझ्या मित्राच्या बायकोने कौतुकाने विचारलं, हा कोण? मुलगी इंग्रजीत म्हणाली, "हे अंकलचे आजोबा. वाईट होते. त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना पकडून दिलं." दुसरी म्हणाली, "आणि ते सगळे मेले." मुलांनी ते तिला दुखवायला सांगितलं नव्हतं. तिला गोष्ट माहीत असेल असंच त्यांना वाटलं.

ती सरळ आमच्याकडे आली. मी ऑफिसात होतो. तिने माझ्या बायकोला विचारलं, त्या दिवशी नक्की काय सांगितलं? बायकोने सांगितलं. मी घरी आल्यावर मलाही सांगितलं, "मी तिला खरं सांगितलंय. खोटं बोलायला मला जमलं नाही. आता तुम्ही उठा आणि त्यांच्याकडे जाऊन या." दोन दारांचं अंतर होतं. मी म्हणालो, उद्या ऑफिसात बोलतो, तिथे निवांत बोलता येईल.

दुसऱ्या दिवशी तोच माझ्या टेबलापाशी आला. चेहरा नेहमीसारखा. म्हणाला, "तू वेगळी सांगितलीस."

मी म्हणालो, "आमच्या लोकांना समजेल अशी सांगावी लागते रे."

त्याने मान हलवली. "आमच्या गावातल्यांनाही तशीच समजते," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू बोट केलंस ना, तेव्हा मला वाटलं, शाळेत मला कसं चिडवायचे ते तू त्यांना दाखवतोयस. म्हणून मी टाळ्या वाजवल्या."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी तो उचलला. साधा स्टोअरमधून आलेला फोन होता, पाच मिनिटांनी केला असता तरी चाललं असतं. फोन ठेवला तेव्हा तो गेला होता.

शुक्रवारचं समैस्मा बंद झालं. भांडण नाही, अबोला नाही. आम्ही निघायचो तेव्हा त्यांना नेमकं दुसरं काम असायचं. ऑफिसात तो बोलायचा, कामापुरतं आणि नीट. मंडळातले आमच्या प्लांटवरचे दोघं-तिघं कँटीनमध्ये त्याला बघून आपसात हसायचे. एकाने एकदा मला कोपर मारून म्हटलंसुद्धा, "आले बघा फितूरराव." मी हसलो. हेही लिहायला हवं. मी हसलो.

बाहेरून पाहिलं तर फार काही घडलेलं नव्हतं. कुणाची नोकरी गेली नाही, कुणाला इजा झाली नाही. पण एका माणसाच्या घराण्याला दोनशे वर्षं ज्या नावाने गावात मान खाली घालावी लागली, ते नाव गावापासून अर्धी पृथ्वी ओलांडून मी इथे आणलं. गोष्ट खरी कळलेल्या दोनच परक्या माणसांत मी एक होतो, आणि मी ती गावाच्या बाजूने सांगितली. तीस वर्षांत साहेबासमोर एकदाही आवाज न चढवलेला मी. कंपनीची मालकी बदलली तेव्हा नवं कंत्राट न वाचता सही करणाऱ्यांच्या रांगेत पुढे उभा असलेला मी. मी त्या माणसाला फितूर म्हणालो, आणि तो तर बायकोसाठी चालत गावात गेला होता.

वर्षभराने त्याचं कंत्राट संपलं. निरोपाच्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये केक होता, आणि बोलायला अर्थातच मला सांगितलं. मी बोललो. त्याच्या कामाबद्दल, गॅरेजवाल्याच्या किश्श्याबद्दल. लोक हसले, त्यांच्यातल्या एक-दोघांचे डोळेही पाणावले. मी मनात ठरवून आलो होतो की शेवटी सगळ्यांदेखत सांगायचं. शेवट आला आणि मी म्हणालो, "विश यू ऑल द बेस्ट."

पार्किंगमध्ये तो त्याच्या गाडीपाशी थांबला होता. किल्ली हातात, दार उघडलेलं, पण आत बसत नव्हता. मी जवळ गेलो. तो म्हणाला, "तू बोलतोस चांगलं. नेहमीच." टोमणा होता का, मला आजही सांगता येत नाही. मी म्हणालो, "पोचलास की फोन कर." तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग हात मिळवला आणि गेला.

त्यानंतर दिवाळीला, नाताळला मेसेज येत-जात राहिले. मी इंग्रजीत एक लांब मेसेज कित्येकदा लिहायला घेतला. पहिलं वाक्य जमायचं. दुसऱ्या वाक्यात मी कारणं द्यायला लागायचो, वेळ, श्रोते, पुरावा, आणि मग ते वाचून मलाच लाज वाटायची आणि मी पुसून टाकायचो. नुसतं पहिलं वाक्य पाठवता आलं असतं. ते सुचलं नाही.

मग तिकडून कळलं की त्याला पक्षाघाताचा झटका आला, बोलता येत नाही, पण ऐकू येतं, समजतं. बायको म्हणाली, "अहो, आता तरी." मी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला, माझा आवाज ओळखला, आणि म्हणाली, "थांब, त्याच्या कानाला लावते." मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, इथे थंडी पडायला लागली आहे. मेट्रो झाली आहे, तुला आता रस्ते ओळखू येणार नाहीत. लवकर बरा हो, इन्शाल्ला परत भेटू. तो उत्तर देऊ शकत नव्हता, मध्ये बोलू शकत नव्हता, फोन ठेवू शकत नव्हता. कबूल करायला यापेक्षा सोपी वेळ माणसाला मिळत नाही, आणि मी त्याला मेट्रोची स्टेशनं सांगत होतो. त्याची बायको परत फोनवर आली. म्हणाली, "तो वाट बघतोय असं वाटतंय. आणखी काही सांगायचंय का तुला?"

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

तो उन्हाळ्याआधी गेला. मी तिला दोन ओळींचा मेसेज केला. पुढे ती मुलीकडे राहायला गेली असं ऐकलं, आणि आता तो नंबर लागत नाही.

म्हणून त्याला जे सांगायचं होतं ते इथे लिहितो. मराठीत लिहितो, कारण जे खोटं बोललो ते मराठीत बोललो, आणि ज्यांनी ते ऐकलं ती माणसंही हे वाचतील.

तुझ्या माणसाने कुणालाही पकडून दिलं नाही. ती घरं रिकामी होती. हे मला स्टेजवर चढण्याआधी माहीत होतं, आणि बोलताना प्रत्येक दाराशी माहीत होतं. वेळ होता. पुराव्याची मला काही पडलेली नव्हती. मला टाळ्या हव्या होत्या आणि त्या तुझ्या घरातून काढून घेता येतात हे मला दिसलं. तुझ्या बायकोला ते लहान मुलांच्या तोंडून ऐकावं लागलं. तू टेबलापाशी आलास, पार्किंगमध्ये थांबलास, मी बोलावं म्हणूनच थांबला होतास, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. माझं चुकलं. मला माफ कर.